मंदाताईंचा ट्राउट

मंदाताई कर्णिक माझ्या गाडीत पहिल्यांदा बसल्या, त्या दिवशी त्यांनी आधी मागचं दार उघडून सीटखाली वाकून पाहिलं. मग मला डिकी उघडायला लावली. मग पुढे बसून पट्टा लावला, तो दोनदा हिसकून बघितला आणि म्हणाल्या, "काल संध्याकाळी गाडी कुठे होती?"

"बिल्डिंगखाली," मी म्हणालो.

"सहा वाजता नव्हती."

खरं होतं. मी आणि माझी बायको वैशाली भाजी आणायला फहाहीलला गेलो होतो. मी ते सगळं सविस्तर सांगितलं, अगदी मेथी चांगली मिळाली नाही इथपर्यंत, आणि सांगून झाल्यावर मला स्वतःचाच राग आला. गाडी माझी, सोय त्यांची आणि जबाब मी देत होतो.

आम्ही कुवेतला, अबू हलीफात एकाच इमारतीत राहायचो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, त्या सहाव्यावर एकट्या. ऑफिसही एकच, मिरकाबमधलं. मी अकाउंट्समध्ये आणि त्या इंटर्नल ऑडिटला, म्हणजे संशय घ्यायचाच त्यांना पगार होता. पण ऑडिटची बाकीची माणसं संध्याकाळी संशय टेबलावर ठेवून घरी जात. मंदाताई तो पर्समध्ये घालून बरोबर आणत.

बुटक्या, अंगाने काटक, पांढरे केस मानेपर्यंत कापलेले, सुती सलवार-कमीज आणि खाली पळायचे बूट. ऑफिसच्या फ्रिजमधल्या स्वतःच्या दुधाच्या बाटलीवर त्या पेनाने बारीक खूण करत. ऑफिसात चहा करणाऱ्या फर्राशच्या शेजारी उभं राहून, पाणी उकळलेलं डोळ्यांनी पाहूनच कप हातात घेत. खालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, दही घ्यायचं तर हात लांब करून मागच्या रांगेतलं काढत. "पुढे मुद्दाम जुनं लावतात," असं त्या दुकानदाराच्या तोंडावर मराठीत म्हणत. तो मल्याळी होता, हसून मान डोलवायचा. मी एकदा दोन्ही डब्यांवरच्या तारखा पाहिल्या. मंदाताईंचं बरोबर होतं. हाच तर त्रास होता. त्यांचे निम्मे संशय खरे निघत, त्यामुळे उरलेल्या निम्म्यांना उत्तर देताना आपला आवाज आपोआप खाली यायचा.

पण कुवेतातल्या मराठी मंडळींना खरा संशय होता तो मंदाताईंचाच. वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, त्या रजा टाकून नाहीशा होत. जाताना हातात एक लांबट नळकांडं असे. विचारलं तर एवढंच सांगत, "हिमाचलात घर आहे. ट्राउट पकडायला जाते."

यावर कोण विश्वास ठेवणार? नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा कॅनडात, आणि साठीकडे आलेली बाई एकटी डोंगरात जाऊन मासे पकडते? मासेच खायचे तर इथे समुद्र काय कमी आहे? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यावर दबक्या आवाजात चर्चा चाले. कुणी म्हणे तिकडे एखाद्या बाबाचा आश्रम असणार. कुणी म्हणे, बाबा असेलच, पण आश्रम नसेल. वैशाली घरी येऊन मला हे सांगायची आणि शेवटी म्हणायची, "एक फोटो तरी दाखवावा की नाही माणसानं?"

मी गाडीत एकदा फोटोचं विचारलं.

"फोटोत मागचा डोंगर ओळखू येतो," मंदाताई म्हणाल्या. "उद्या कुणीतरी जाऊन माझ्या डोहावर बसेल."

"इथून? कुवेतहून?"

"तुझं सासर दिल्लीला आहे ना?" त्यांनी विचारलं. वैशालीचं माहेर दिल्लीला आहे हे मी त्यांना कधी सांगितल्याचं मला आठवत नव्हतं.

ते नळकांडं उघडलेलं मी पाहिलं ते थंडीतल्या एका शुक्रवारी. सकाळी किनाऱ्यावर चालायला गेलो तर मंदाताई वाळूत उभ्या. हातात लांब, लवचीक काठी, तिला पिवळा दोर. पाण्याकडे पाठ करून त्या तो दोर हवेत मागेपुढे झुलवत होत्या. मागे पूर्ण सरळ व्हायचा, मग पुढे येऊन वाळूवर ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या ताटलीत अलगद उतरायचा. दोराच्या टोकाला लोकरीचा लाल तुकडा होता. मी लातूरकडचा. आमच्याकडे नदीत पाणी आहे ही सुद्धा बातमी असते. पण समुद्राकडे पाठ करून वाळूत मासे धरणारं माणूस मीही पहिल्यांदाच बघत होतो.

पोलिसांची गाडी माझ्यामागूनच आली. दोघे उतरले. एक तरुण होता. त्याने अरबीत हे काय म्हणून विचारलं.

"फिशिंग," मंदाताई म्हणाल्या.

त्याने समुद्राकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं, दोराचं टोक हातात घेतलं. "व्हेअर हुक?"

"नो हुक."

आता दोघांचेही चेहरे बदलले. गळ लावून बसलेला माणूस त्यांना रोजचा होता. गळ नसलेला मासेमार म्हणजे नक्कीच दुसरं काहीतरी. त्यांनी मंदाताईंचा सिव्हिल आयडी मागितला. मंदाताईंनी पर्स छातीशी घट्ट धरली आणि शांतपणे म्हणाल्या, "फर्स्ट यू शो."

पोलिसांचे कपडे घालून लुबाडणाऱ्यांच्या गोष्टी इथे सगळ्यांनीच ऐकलेल्या असतात, पण म्हणून खुद्द पोलिसाला ओळखपत्र मागायची हिंमत आजवर कुणी केलेली मी ऐकली नव्हती. तरुण पोलीस क्षणभर बघत राहिला, मग मोठ्याने हसला आणि त्याने खिशातून कार्ड काढलं. मंदाताईंनी ते उजेडाकडे धरून वाचलं, फोटो आणि चेहरा ताडून पाहिला, मगच स्वतःचं दिलं. त्यानंतर त्याने काठी मागितली. त्याचा दोर स्वतःच्याच टोपीभोवती गुंडाळला गेला. मंदाताईंनी त्याचं मनगट धरून दाखवलं, थांब, मागे दोर सरळ होऊ दे, मगच पुढे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला लोकर ताटलीच्या जवळपास पडली तेव्हा तो लहान मुलासारखा आनंदला.

गाडी गेल्यावर मंदाताई म्हणाल्या, "पोलीस खरा होता. पण कार्ड दाखवायला फार वेळ लावला."

हे सगळं ट्राउटसाठी. मंदाताईंचे वडील वीजप्रकल्पावर इंजिनिअर होते. मंदाताईंचं लहानपण हिमाचलात गेलं आणि तिथल्या तळ्यांवर, नद्यांवर वडिलांनीच त्यांना हे शिकवलं. ट्राउटला खरं आमिष लावायचं नाही. पिसं, रेशीम आणि दोरा गुंडाळून गळावर खोटी माशी बांधायची आणि ती पाण्यावर अशी उतरवायची की आभाळातून स्वतः पडली असं वाटलं पाहिजे. मंदाताई त्या माशा घरीच बांधत. विकतच्या माशा बांधणारे पिसांत लबाडी करतात असं त्यांचं मत होतं.

"ट्राउटला सगळ्यावर संशय असतो," त्या एकदा म्हणाल्या होत्या. इतर कुठल्या विषयावर त्या इतक्या मायेने बोलल्याचं मला आठवत नाही. "माशी समोर आली की तो आधी तिच्याखाली येऊन बघतो. दोर जरा ओढला गेला, तिची चाल पाण्याच्या चालीहून वेगळी झाली, की वळतो आणि निघून जातो. परत त्या दिवशी तुला तोंड दाखवत नाही. फसवायला कठीण असा एकच प्राणी मला भेटला."

"मग तो शेवटी फसतोच की."

"भूक लागते ना," त्या म्हणाल्या.

नवऱ्याच्या, कर्णिकांच्या जाण्याबद्दल त्या एकदाच बोलल्या. ऑफिसातून परत येताना धुळीचं वादळ उठलं. पुढच्या गाडीचे लाल दिवेसुद्धा दिसेनासे झाले, तेव्हा मी गाडी कडेला घेतली. काचांवर रेती घासत होती. मंदाताईंनी ओढणी नाकाला लावली होती.

"यांच्या छातीत दुखत होतं," त्या एकाएकी म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले अ‍ॅसिडिटी आहे. चांगले होते, हसून बोलत होते. मी म्हटलं, दुसऱ्याला दाखवू. हे म्हणाले, मंदा, एकदा तरी कुणावर विश्वास ठेव. मी ठेवला."

धूळ विरळ झाली तेव्हा त्यांनी आधी मागच्या सीटकडे वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "चल. मागून ट्रक येत असेल तर बघ."

हिमाचलातलं घर नवराबायकोंनी लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर घेतलेलं होतं, तीर्थन नदीच्या काठी. ते सांभाळायला लालचंद नावाचा माणूस होता. तो आणि त्याची बायको बिमला मागच्या दोन खोल्यांत राहत. मंदाताई दर शुक्रवारी त्याला फोन करत. एका सोमवारी त्या गाडीत बसल्या. एरवी त्या मागची सीट बघत, ती सुद्धा पाहिली नाही.

"शुक्रवारी फोनवर मागे लहान मूल रडत होतं," त्या म्हणाल्या.

"लालचंदचं असेल."

"लालचंदची दोन्ही मुलं शिमल्याला नोकरी करतात. आणि आवाज मागच्या खोल्यांतला नव्हता. माझ्या बैठकीतला होता. तिथे छत लाकडी आहे, आवाज घुमतो." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "एप्रिलमध्ये तुला आणि वैशालीला रजा मिळेल का?"

मला वाटलं, इतक्या वर्षांनी शेजाऱ्यांना घरी बोलावताहेत. वैशालीने तर गरम कपडेही काढून ठेवले. दिल्लीच्या विमानात मंदाताईंनी खरं कारण सांगितलं. "साक्षीदार लागतात. एकटी गेले तर तो म्हणेल, बाईला भास होतात." त्यांच्या बॅगेत कुवेतहून आणलेलं मोठं नवं कुलूप होतं. लालचंदला त्यांनी सोमवारी येते म्हणून सांगितलं होतं. आम्ही शनिवारी दुपारीच दारात उभे राहिलो.

तर घर खरंच होतं. स्लेटचं छप्पर, लाकडी व्हरांडा, खाली देवदारांतून दिसणारी पांढरी, आवाज करणारी नदी. वैशालीने माझ्याकडे पाहिलं. हळदीकुंकवाला काय सांगायचं याची तिची तयारी तिथेच सुरू झाली असावी.

लालचंद घरी नव्हता. बिमला आम्हाला पाहून इतकी दचकली की तिच्या हातातलं तांदळाचं सूप पडलं. व्हरांड्यातल्या दोरीवर लहान मुलाचे मोजे वाळत होते. मंदाताईंनी तिला काहीच विचारलं नाही. आत जाऊन दाराआडची खुंटी पाहिली. तिच्यावर काही नव्हतं.

"यांचा रेनकोट," त्या म्हणाल्या आणि तशाच पळायच्या बुटांवर नदीकडे उतरू लागल्या. आम्ही मागे.

पाऊस भुरभुरत होता. वळणावर नदी रुंद होऊन एक खोल हिरवा डोह झाला होता. तो त्यांचा डोह. काठावर एक अनोळखी, गुबगुबीत माणूस उभा होता, हातात मंदाताईंची जुनी काठी. शेजारी लालचंद त्याला हातवारे करून शिकवत होता. त्या माणसाच्या अंगात हिरवा रेनकोट होता. कर्णिक कधी मासे पकडत नसत. ते त्याच रेनकोटात दगडावर बसून थर्मासमधला चहा पीत वाचत बसत, हे मंदाताईंनी मला नंतर सांगितलं.

मला वाटलं, आता आकाशपाताळ एक होणार. मंदाताई एका झाडाआड दगडावर बसल्या. हात मांडीवर घट्ट दाबून धरलेले. तो माणूस दोर पाण्यावर चाबकासारखा आपटत होता.

"ओढतोय," मंदाताई दात आवळून म्हणाल्या. "मूर्ख. मासा कधीच निघून गेला."

त्यांना जास्त राग चोरीचा आला होता की त्या दोराचा, हे मला आजही सांगता येणार नाही.

थोड्या वेळाने लालचंद वळला आणि त्याने आम्हाला पाहिलं. उंच, वाकलेला माणूस. त्याने हात जोडले नाहीत की तो पुढे आला नाही. नुसता उभा राहिला. मंदाताई उठल्या, सरळ त्या पाहुण्याकडे गेल्या आणि हिंदीत म्हणाल्या, "ये रेनकोट मेरे मिस्टर का है. दे दीजिए." तो बिचारा गांगरला. त्याने रेनकोट काढून दिला आणि पावसात भिजत उभा राहिला. मंदाताईंनी तो झटकला, घडी केली आणि काखेत घेऊन चढ चढू लागल्या.

तो माणूस चंदीगडहून बायको आणि लहान मुलीला घेऊन आलेला होता. त्या कुटुंबाने दुपारीच सामान बांधलं. ते गेल्यावर लालचंद आणि बिमला व्हरांड्यात येऊन उभे राहिले. बिमला रडत होती. लालचंद म्हणाला, "मैडम, बंद घर सड़ जाता है. पहली बार रिश्तेदार आए थे. फिर लोग पूछने लगे. फिर आदत हो गई." जरा थांबून म्हणाला, "हम कल निकल जाएँगे."

मंदाताईंच्या बॅगेतलं ते नवं कुलूप टेबलावर होतं. आम्ही तिघेही त्याच्याकडे बघत होतो. या दोघांना इथून हलवलं तर ते कुठे जातील, हे वैशालीने मला कानात विचारलं. मला कुठून माहीत असणार? मी मंदाताईंना काही सांगायच्या विचारात होतो, पण मला साक्षीला आणलं होतं, सल्ल्याला नाही.

"मछली कौन साफ करता है?" मंदाताईंनी विचारलं.

लालचंदला कळेना. "जी?"

"मेहमानों की मछली. कौन साफ करता है? तुम कि बिमला?"

"बिमला."

"सरसों के तेल में बनाती है?"

बिमलाने डोळे पुसत मान हलवली. मंदाताईंनी तोंड वाकडं केलं. एवढ्या चांगल्या माशाला मोहरीचं तेल, हा त्यांच्या लेखी वेगळाच गुन्हा होता. मग त्या म्हणाल्या, "लोग आते हैं तो आने दो. मेरे से पूछ के. ये रेनकोट किसी को नहीं देना. और सुबह का डोह मेरा है, उधर कोई नहीं जाएगा." डोह हा शब्द त्याला कळला की नाही कुणास ठाऊक, पण तो मान डोलवत राहिला.

कुलूप त्यांनी स्वतःच्या कपाटाला लावलं.

परतीच्या वाटेवर गाडी औटच्या बोगद्याजवळ हायवेला लागली तेव्हा मी धीर करून विचारलं, "मंदाताई, त्याला ठेवलंत कसं?"

"हा काय करतो ते तरी कळलं," त्या म्हणाल्या. "नवा माणूस ठेवला असता तर तो काय करतो हे शोधण्यात माझं उरलेलं आयुष्य गेलं असतं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आणि खोटं बोलला नाही. माझी सगळी तयारी होती, तो खोटं बोलेल म्हणून. फुकट गेली."

त्या मुक्कामात त्यांनी एक ट्राउट पकडला तो मी काठावरून पाहिला. पहाटेच्या गारठ्यात कमरेपर्यंत पाण्यात, अजिबात न हलता त्या किती वेळ उभ्या होत्या! दोर एकदाच हवेत गेला. माशी पाण्यावर टेकली आणि धारेबरोबर वाहू लागली. खालून एक सावली आली, थांबली, माशीबरोबर मागे मागे सरकत गेली. मग पाणी फुटलं. हात ओला करून त्यांनी मासा उचलला. सोनेरी अंगावर लाल ठिपके. त्यांनी त्याच्याकडे बघून काहीतरी म्हटलं, मला नदीच्या आवाजात ऐकू आलं नाही. संध्याकाळी तो त्यांनी स्वतः तांदळाच्या पिठात घोळवून, लसूण-तिखट लावून तळला. मी शाकाहारी. वैशालीने खाल्ला आणि काटे तेवढे ताटात ठेवले.

पुढच्या वर्षी मंदाताई निवृत्त झाल्या. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, रद्द करण्याचे कागद फिरवणाऱ्या आमच्या कंपनीच्या मंदूबवर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. प्रत्येक शिक्क्यासाठी त्या त्याच्या गाडीतून बरोबर गेल्या. तो शेवटी माझ्याजवळ येऊन म्हणाला, या मॅडम गेल्यावर मी आठवडाभर झोपणार आहे. मुलगा कॅनडाला बोलावत होता. "त्याला माझ्याकडून मुलं सांभाळून हवी आहेत," असं म्हणून त्या तीर्थनच्या काठी राहायला गेल्या. अधूनमधून त्यांचा फोन यायचा. "आता तुझ्या गाडीत कोण बसतं? नीट बघून घेत जा." मध्ये एकदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते त्यांनी झाल्यावर सांगितलं. तीन डॉक्टरांना दाखवून मगच केलं होतं.

गेल्या ऑक्टोबरात दिल्लीला लग्न होतं, तेव्हा आम्ही दोघं न कळवता तिकडे गेलो. बिमलाने सांगितलं, मॅडम नदीवर आहेत. वैशाली तिच्याजवळ बसली. मी एकटाच खाली उतरलो आणि झुलत्या पुलावर थांबलो.

पुलावरून सगळं स्वच्छ दिसत होतं. मंदाताई पाण्यात उभ्या होत्या, पूर्वीपेक्षा कितीतरी लहान दिसणाऱ्या. त्यांच्या मागे लालचंद, मांड्यांपर्यंत पाण्यात, पाय फाकवून रोवलेले. त्याने दोन्ही मुठींनी त्यांचा कमरेचा पट्टा मागून धरला होता. ऊन पाण्यावर इतकं होतं की त्याने डोळे बारीक केले होते.

"पकड़ा है ना?" मंदाताईंचा आवाज वर आला.

"पकड़ा है, मैडम."

दोर मागे गेला, पुढे आला. काही लागलं नाही. त्यांनी तो गोळा केला.

"ठीक से पकड़ा है?"

"ठीक से पकड़ा है."

"ध्यान किधर है तुम्हारा? पुल पे कौन खड़ा है, वो मत देखो."

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नव्हतं. मी हाक मारायला तोंड उघडलं होतं ते मिटलं. पलीकडच्या काठाजवळ, एका मोठ्या दगडाच्या सावलीत, पाण्यावर एक वलय उमटलं. मग त्याच जागी आणखी एक. तिथे तो होता. पण त्यांच्या दोराच्या टप्प्याबाहेर. मध्ये पाणी काळपट होतं, म्हणजे खोल, आणि धार तिथे दगडावर आपटून वळत होती.

मंदाताई त्या वलयाकडे बघत राहिल्या. नंतर त्यांनी ऑपरेशन झालेला पाय उचलला आणि धारेत पुढे टाकला. मग दुसरा. पाणी त्यांच्या कमरेवर चढलं. लालचंद त्यांच्याबरोबर सरकला.

या खेपेला त्यांनी काही विचारलं नाही.